झेंडे उभे असताना धुतलेली बोट

वॉरिगा बीच, १८ नोव्हेंबर

वॉरिगा बीच जीवरक्षक क्लबच्या सभासदांनो,

तुम्ही दर रविवारी बिनपगारी वाळूत उभे राहता. स्वतःचं पेट्रोल जाळून येता, अनोळखी माणसांची पोरं पाण्यातून ओढून काढता, आणि त्यांतली निम्मी माणसं आभारसुद्धा न मानता आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहतात. त्याबद्दल आपली कधी तक्रार नव्हती. आपली तक्रार दुसरीच आहे, आणि ती आपण कुणी मोठ्याने बोलत नाही. बुडणारा परका असला तर त्याची मिनिटामिनिटाची नोंद होते. आपल्यातलं कुणी मोडलं, तर ते घरातलं होतं. आणि घरातलं बाहेर न्यायचं नाही, असं आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं.

ऑक्टोबरमधल्या समितीच्या बैठकीत माझ्या एका पत्रातली तीन वाक्यं वाचून दाखवली गेली. अध्यक्ष डेस क्विल्टी यांनी ती वाचली, आणि नंतर ती तोंडोतोंडी तुम्हा सगळ्यांपर्यंत पोहोचली. वाक्यं माझीच आहेत. तरीही तुम्ही फसवले गेलात, आणि मीही. म्हणून ती सगळी पत्रं, आलेली आणि गेलेली, एक शब्द न गाळता मी तुमच्या हातात देते आहे. डेसला तसं कळवलं आहे. इमोजेनचा होकार आहे. क्रमाने वाचा. शेवटी मी तुमच्याकडे एक काम मागणार आहे.

रॉझ ट्रँटर


वॉरिगा बीच, १५ ऑक्टोबर

प्रिय रॉझ,

आयल्साचा गुडघा कसा आहे? बहिणीची शुश्रूषा करायला म्हणून होबार्टला गेलीस खरी, पण तू तिला स्वस्थ पडू देत असशील असं वाटत नाही. बिचारीला सकाळी उठवून गोदी कामगारांच्या संपाची हकिगत पुन्हा पहिल्यापासून ऐकवत असशील.

क्लबचा ईमेल सगळे वाचतात, म्हणून तुझ्यासाठी अजून पोस्टाची पाकिटं विकत घेणारा या गावात मी शेवटचा माणूस उरलो आहे. पोस्टातली बाई विचारत होती, प्रेयसी आहे का. मी म्हटलं, त्यापेक्षा वाईट, गस्तप्रमुख आहे.

हंगाम सुरू झाला. पाणी असं गार की कमरेपर्यंत गेलं की खालचा भाग दुसऱ्याचा वाटतो. उत्तरेकडचा वाळूचा बांध हिवाळ्यात वाहून गेला आणि माणसाला आत खेचणारी पाण्याची ओढ आता थेट पायऱ्यांसमोर आली आहे. म्हणून पोहण्याची सुरक्षित जागा दाखवणारे झेंडे दक्षिणेला सरकवले. कॅफेवाला चिडला, त्याच्या खुर्च्यांसमोरची गर्दी गेली ना. म्हणाला, ‘डेस, ती ओढ जरा तिकडे नेता नाही का येणार?’ मी म्हटलं, लेखी अर्ज कर.

रविवारी बोटीच्या सरावात इमोजेनचा पाय मुरगळला. तुझीच इमोजेन व्हॅसिल्यू, तू पोहायला शिकवलेली. किनाऱ्यावर बोटीतून उतरताना घसरली. सूज दिसली म्हणून खबरदारी घेऊन रुग्णवाहिका बोलावली. पोरगी हसत होती. तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो, नाहीतर पहिल्या विमानाने येऊन आम्हा सगळ्यांना उभं-आडवं घेशील.

एकच विचारायचं आहे. मुरगळलेला पाय वर जीवरक्षकांच्या राज्य कार्यालयाला कळवायचा का? तिथे एक नवा माणूस बसला आहे, तो शिंकेचीही चौकशी लावतो. तुझं मत चार ओळींत लिही. समितीत तुझा शब्द चालतो. माझा फक्त सॉसेज किती आणायचे यात चालतो.

तुझा,
डेस


होबार्ट, २० ऑक्टोबर

प्रिय डेस,

आयल्सा चालते आहे. ती म्हणते, संपाची हकिगत आणखी एकदा ऐकण्यापेक्षा दुसराही गुडघा बदलून घेते. तेव्हा तुझा अंदाज बरोबर आहे.

ओढ पायऱ्यांसमोर आली असेल तर तिथे एक माणूस कायम उभा कर. बाहेरगावची माणसं पायऱ्या उतरून सरळ पाण्यात शिरतात, झेंडे कुठे आहेत ते बघतच नाहीत. कॅफेवाल्याला म्हणावं, तुझ्या खुर्च्या उचलून दक्षिणेला ने.

इमोजेनचं वाचून वाईट वाटलं. पण मुरगळलेला पाय म्हणजे मुरगळलेला पाय. बोटीत माणसं दुखावतात, तो त्या कामाचाच भाग आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी वर कागद पाठवून कुणाला घाबरवू नका. बर्फ लावा, पाय उंच ठेवा आणि पोरीला विश्रांती घेऊ द्या. हाड असतं तर मी हे लिहिलं नसतं. हाड मोडलं तर त्याच दिवशी फोन करायचा आणि बोट जिथे असेल तिथेच, जशी असेल तशी ठेवायची, तिला हातसुद्धा लावायचा नाही, हे तुला मी सांगायला नको. तो नियम समितीत मांडला तेव्हा माझ्या बाजूने पहिला हात तुझा वर गेला होता.

इमोजेनला माझा गालगुच्चा घे. तिला सांग, फेब्रुवारीत रुग्णवाहिका सेवेचं प्रशिक्षण सुरू व्हायच्या आत पाय ठणठणीत हवा.

रॉझ


वॉरिगा बीच, २८ ऑक्टोबर

रॉझ आंटी,

मी घरी आले. दुसरं ऑपरेशन करावं लागलं, म्हणून इतके दिवस लागले. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. आता आत एक सळई आहे. डॉक्टर म्हणाले, विमानतळावर वाजणार नाही. मला थोडं वाईटच वाटलं, तेवढी तरी मजा आली असती.

क्लबने खूप केलं. इतका लझान्या आलाय की फ्रीजरचं दार लागत नाही. आईची हिरवळ दोनदा येऊन कापली, आता गवताला उगवायला भीती वाटते. शनिवारच्या बारमध्ये माझ्या नावाने मटणाच्या तबकाची सोडत काढली, आणि ती जिंकणाऱ्याने तबक आम्हालाच आणून दिलं. आई म्हणते, अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

गुरुवारी डेस हॉस्पिटलमध्ये आला होता. माझ्या पलंगाशी बसून त्याने तुझं पत्र वाचून दाखवलं. बोटीत माणसं दुखावतात, वर कागद पाठवून कुणाला घाबरवू नका, विश्रांती घेऊ द्या. मग त्याने एक टाइप केलेला कागद काढला. त्यात होतं की बोट वाळूवर थांबलेली होती आणि मी उतरताना घसरले. मी म्हटलं, ‘डेस, असं नाही झालं.’ तो म्हणाला, ‘बेटा, रॉझसुद्धा म्हणते आहे. आता हंगामात चौकशी लागून बोटी बंद पडल्या आणि कुणी बुडालं, तर तुला झोप येईल का?’

मी सही केली.

खरं सांगू का काय झालं? केन बोट चालवत होता, मी पुढे. त्या आठवड्यात त्याने नवे पायपट्टे बसवले होते, शर्यतीच्या बोटींना असतात तसले. पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि ओढला तरी निघत नाही, म्हणजे बोट उडाली तरी माणूस फेकला जात नाही. आम्ही लाटांवरून उड्या घेत होतो. एका मोठ्या लाटेवरून बोट पूर्ण हवेत गेली. खाली आपटली तेव्हा मी उजवीकडे गेले आणि पाय तिथेच राहिला. दुखायच्या आधी आवाज ऐकू आला. केनने मला उचलून आणलं, रडत होता. चांगला आहे गं तो.

मग मी वाळूत पडून होते. ओकारी येऊ नये म्हणून झेंड्यांकडे बघत होते, वाऱ्याने फडफडत होते. तेवढ्यात पाइपाचं पाणी सुटल्याचा आवाज आला. मान वळवली तर डेस स्वतः बोट धूत होता. मला हसू आलं. शेडच्या दारावर धुण्याबद्दल लिहिलंय ना, आधी सामान मग माणूस. म्हटलं, हे तर अक्षरशः खरं झालं.

रुग्णवाहिकेच्या प्रशिक्षणाचं यंदा नाही जमणार. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

मला एकच विचारायचंय. मी रागावलेली नाही. तू ते लिहिलंस तेव्हा हाड मोडलंय हे तुला माहीत होतं का? समुद्राबद्दल मला जे काही येतं ते तुझ्याकडून आलंय, म्हणून माहीत करून घ्यायचंय.

तुझी,
इमोजेन


होबार्ट, १ नोव्हेंबर

माझ्या लाडक्या पोरी,

मला माहीत नव्हतं. मला मुरगळलेला पाय सांगितला होता. पुढच्याच ओळीत मी हाडाबद्दल लिहिलं होतं. ती ओळ तुला वाचून दाखवली नाही.

तू सही केलीस ती माझ्या नावावर विश्वास ठेवून. ती सही मी तुझ्या अंगावर राहू देणार नाही. तू सध्या फक्त पायाकडे बघ. पुढच्याची तजवीज मी करते.

रॉझ


होबार्ट, १ नोव्हेंबर

डेस,

इमोजेनचं पत्र आलं. त्यामुळे आज आयल्साच्या गुडघ्याची चौकशी वगैरे काही नाही.

आपण दोघांनी तीस हंगाम बोटी धुतल्या. मला एक तरी दिवस आठवून सांग, ज्या दिवशी झेंडे उभे असताना आपण पाइप उघडला. गस्त चालू असेपर्यंत बोट ओलीच राहते, खारट राहते, कारण पुढच्या मिनिटाला तिला परत पाण्यात जावं लागेल. झेंडे उतरले की धुवायचं. हे आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तू, ज्याचा खांदा इतका दुखतो की कॉफीचा पेलाही दुसऱ्याला उचलायला लावतोस, तू त्या दिवशी एकट्याने बोट धुतलीस, ती मुलगी दहा हातांवर मोडलेला पाय घेऊन पडली असताना.

वाळूतल्या माणसांना त्यात काही खटकलं नाही. कसं खटकेल? आपल्याकडे बोट धुणारा माणूस म्हणजे गुणी माणूस. तू आपल्या सगळ्यांची सगळ्यांत चांगली सवय उचललीस आणि तिच्या आड लपलास.

पायपट्टे कुठे आहेत? माझ्या पत्रातली पुढची ओळ कुठे आहे? उत्तर पाठव. आणि उत्तर पाठवण्याआधी राज्य कार्यालयाला फोन कर.

रॉझ


वॉरिगा बीच, ७ नोव्हेंबर

रॉझ,

पट्टे कचरा डेपोत गेले. धुताना मीच कापले आणि सोमवारी नेऊन टाकले. तू विचारलंस, म्हणून सांगतो. खोटं बोलून कंटाळा आला आहे.

आता माझंही ऐक. दोन उन्हाळ्यांपूर्वी आपल्या दक्षिणेच्या क्लबच्या बोटी चौकशीसाठी बंद केल्या होत्या, आठवतं? त्याच आठवड्यात एक बाप मुलीला वाचवायला पाण्यात शिरला. मुलगी बाहेर आली, तो नाही आला. बोट शेडमध्ये कुलपात उभी होती. मी अंत्यविधीला गेलो होतो. ती मुलगी पूर्ण वेळ आपल्या बुटांकडे बघत होती. रुग्णवाहिका टेकडीवरून खाली येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं. इमोजेनचा पाय बरा होतो. तो बाप बरा होत नाही. मी हिशेब केला आणि पाइप उघडला.

तुझं पत्र वाचलं ते मला हो हवं होतं म्हणून. समितीलाही हो हवं होतं. मी तीन वाक्यं वाचून थांबलो आणि कुणी पुढे काय आहे असं विचारलं नाही. ‘रॉझ म्हणते ना, मग झालं,’ म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. तुझं वजनच तेवढं आहे. मी ते वापरलं.

केनने आता साधे पट्टे लावलेत. उड्या मारणार नाही म्हणून त्याने माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं आहे. २३ तारखेच्या शनिवारपासून तो नव्या मुलांना बोटीवर शिकवायला घेतो आहे. त्याच्याइतका बोटीवर हात असलेला दुसरा कुणी आपल्याकडे नाही, हे तुलाही माहीत आहे. मग आता कळवून कुणाचं काय भलं होणार आहे?

मी बोटीतून पडलो होतो तेव्हा तू माझ्यासाठी दोनदा वळून आली होतीस. पहिल्यांदा हात निसटला आणि तू दुसऱ्यांदा आलीस. आणखी एकदा ये एवढंच मागतो. हे इथेच राहू दे.

डेस


होबार्ट, ११ नोव्हेंबर

डेस,

तू त्या बापाचं नाव घ्यायला नको होतंस. त्या अंत्यविधीला मीही होते, तुझ्या मागच्या रांगेत, आणि नंतर त्यांच्या गस्तप्रमुखाबरोबर भिंतीला टेकून उभी होते. तो मला काय म्हणाला ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगते. त्यांच्या बोटी दुखापत कळवली म्हणून बंद झाल्या नव्हत्या. आदल्या हंगामातली दुखापत त्यांनी दडवली, ती बाहेर फुटली, आणि मग त्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सगळ्याच बोटींना कुलूप लागलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर एक बोट तपासायला गेली असती आणि शेजारच्या क्लबने दुसरी दिली असती. त्या माणसाला चौकशीने बुडवलं नाही. तू आत्ता जे केलं आहेस त्याने बुडवलं.

कुणाचं भलं होणार, विचारतोस. केनने ते पट्टे घरी शिवले नाहीत. विकत घेतले. म्हणजे या किनाऱ्यावर आणखी किती शेडमध्ये ते लावलेले आहेत, तुला माहीत नाही, मला माहीत नाही. एखाद्या क्लबात या रविवारी कुणीतरी हौशी पोरगी त्यात पाय सरकवेल आणि तिला सावध करणारं कुणी नसेल, कारण वॉरिगात फक्त एक मुलगी वाळूवर घसरली होती. आपण माणसं वाचवण्याची शपथ घेतली. ती घेताना, आपली माणसं सोडून, असं कुणी म्हटलं नव्हतं.

तुला लझान्या पोहोचवता आला, हिरवळ कापता आली, सोडत काढता आली. क्लबने इतकी माया केली की ती पोर तोंड उघडायला लाजली. ती माया खरी होती, हेच मला सहन होत नाही. ज्यांनी हिरवळ कापली त्यांना माहीत नव्हतं, आपण कशावर पांघरूण घालतो आहोत ते.

आणि माझं नाव. आयुष्यभर मी गोदीत, सभांत, समितीत, दहा माणसं गप्प असताना बोलत आले, म्हणून त्या नावाला वजन आलं. ते तू घेतलंस आणि एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडावर ठेवलंस. पलंगावर पडलेल्या मुलीच्या.

बोटीतून पडला होतास तेव्हा मी वळले, कारण तू पाण्यात होतास. आता तू वाळूवर आहेस आणि पाण्यात दुसरंच कुणीतरी आहे.

शुक्रवारपर्यंत तू स्वतः राज्य कार्यालयाला फोन कर. सगळं सांग, पट्टे कापल्याचंही. केलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, जे ऐकावं लागेल ते तुझ्याबरोबर ऐकेन. नाही केलास तर ही पत्रं सभासदांना देईन.

रॉझ


वॉरिगा बीच, १८ नोव्हेंबर

सभासदांनो,

शुक्रवार गेला. उत्तर आलं नाही. शनिवारी मी घरी परतले आणि वाटेत क्लबवर थांबले. डेस शेडमध्ये होता. मला बघून म्हणाला, ‘चहा घेतेस?’ मी म्हटलं, ‘फोन केलास?’ तो म्हणाला, ‘दूध संपलंय, काळा चालेल?’ माझ्या तीस वर्षांच्या मित्राने मला दिलेलं उत्तर ते एवढं. मी चहा घेतला नाही.

आज सकाळी मी स्वतः राज्य कार्यालयाला फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही त्या दिवशी तिथे होता का. मी होबार्टला होते. त्यांनी विचारलं, पट्टे बघायला मिळतील का. ते कचऱ्याच्या डोंगराखाली आहेत. इमोजेनने आपली सही मागे घेत असल्याचं कळवलं आहे, पण दुसरीकडे तिचीच सही असलेला कागद आहे, आणि त्यावर साक्षीदार म्हणून तुमच्या अध्यक्षांचं नाव आहे. कुणाचं खरं मानतील? बाई म्हणाल्या, ज्यांनी पाहिलं ते बोलले तर आम्ही उद्या माणूस पाठवू. डेसच्या पत्रांबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाल्या, तीही पाठवा, पण पत्र म्हणजे त्याचं म्हणणं, आम्हाला डोळे हवेत.

डोळे तुमच्याकडे आहेत. बोट हवेत गेलेली तुमच्यातल्या काहींनी पाहिली. पाय पट्ट्यातून सोडवायला कुणीतरी मदत केली, ते एकट्या केनचं काम नव्हतं. कुणीतरी इमोजेनचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी अध्यक्षांना गस्त चालू असताना पाइप धरलेलं पाहिलं आणि क्षणभर मनात म्हटलं असेल, आज इतक्या लवकर? आणि मग विचार सोडून दिला, कारण आपला माणूस आहे.

मला ठाऊक आहे, तुम्हाला काय वाटतं. डेसने तुमच्या मुलांना पहिल्यांदा पाण्यात नेलं. केन रोज पहाटे येऊन ओढ कुठे आहे ते बघून जातो. यांच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे घराविरुद्ध बोलणं. माझी मैत्री तुमच्या कुणाहून कमी नव्हती. या माणसाला मी माझा भाऊ मानत होते, आणि त्याने माझ्याच अक्षरात लिहिलेला कागद घेऊन एका मुलीला गप्प केलं. घर अशाने मोडतं, फोनने नाही. मी डेसला माफ केलेलं नाही आणि तुम्हीही करावं किंवा करू नये असं मी म्हणत नाही. तो प्रश्न नंतरचा आहे. केनला वाळीत टाकू नका. त्याला बोलू द्या, त्यालाच सगळ्यांत जास्त बोलायचं असेल.

या शनिवारी नवी मुलं त्याच बोटीत त्याच माणसासमोर बसणार आहेत. पट्टे बदलले, उड्या नाहीत, असं त्यांच्या आईबापांना कुणी सांगितलेलं नाही, कारण आधी काय होतं हेच कुणी सांगितलेलं नाही. आणि किनाऱ्यावरच्या बाकी शेडमध्ये काय लावलेलं आहे, ते आपण बोलल्याशिवाय कुणी बघणार नाही.

म्हणून, तेरा ऑक्टोबरच्या रविवारी जो जो वाळूत होता, त्याने शनिवारी बोट पाण्यात जाण्याआधी राज्य कार्यालयाच्या सुरक्षा विभागाला स्वतः फोन करावा, स्वतःचं नाव सांगावं, आणि डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगावं. रॉझ म्हणते म्हणून नाही. तुम्ही तिथे होतात म्हणून. फोन करा.

रॉझ ट्रँटर